पडद्यावरचे बाहुले आणि यांत्रिक प्राणी जवळून कसे पाहावेत

चित्रपटातील बाहुला किंवा यांत्रिक प्राणी घडवणाऱ्याची सारी धडपड आपले काम प्रेक्षकाला दिसू नये यासाठी असते. जोड केसांखाली लपवलेले असतात, तारा पाठीमागून काढलेल्या असतात आणि चालवणारी माणसे चौकटीबाहेर किंवा फळ्यांखाली बसलेली असतात. त्यामुळे तीच वस्तू पुढे संग्रहालयाच्या कपाटात स्थिर उभी दिसली, की तिच्यात नेमके काय पाहायचे हे कळत नाही आणि एखादे छायाचित्र काढून माणूस पुढे सरकतो. मुंबईत राहणाऱ्या ज्या वाचकाला ही कारागिरी खरोखर निरखायची आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. परदेशातील मोठी संग्रहालये पाहण्याचा योग येईल तेव्हा येईल. नजर तयार करण्यासाठी जे लागते त्यातले बरेचसे लालबाग-परळपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत याच शहरात पसरलेले आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करावी: याला हलवणारे बळ शरीरात कुठून शिरते? कातडे, रंग आणि केस यांच्याकडे लक्ष आपोआप जाते. हा प्रश्न मात्र मुद्दाम विचारावा लागतो. त्याचे उत्तर सापडले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, कारण बाहुल्याचे वजन, त्याची बसण्या-उभे राहण्याची ढब आणि पुष्कळदा सेटची उंचीसुद्धा त्यावरच ठरलेली असते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) मधील योडा हा ठेंगणा गुरू मुळात हातावर चालणारा बाहुला होता. स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी तो घडवला आणि फ्रँक ऑझ यांनी तो चालवला. चालवणारी मंडळी खाली राहिली पाहिजेत म्हणून दलदलीचा संपूर्ण सेट जमिनीपासून उंचावर बांधण्यात आला होता. हे ठाऊक असलेला माणूस योडाच्या अंगरख्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, कारण तो घोळदार अंगरखा खालून वर येणारा हात झाकण्याचेही काम करतो.

दुसरा प्रश्न पहिल्याला लागूनच येतो: समोरची आकृती कोणत्या कामासाठी केलेली आहे? पडद्यावरचा एक प्राणी म्हणजे कार्यशाळेतल्या अनेक वस्तू असतात. ‘ई.टी.’ (१९८२) मधील परग्रहावरच्या प्राण्यासाठी कार्लो रांबाल्डी यांनी यांत्रिक आकृती घडवली होती. तिच्याशिवाय लहान चणीच्या कलाकारांनी अंगात घालायचे पोशाख होते आणि जवळून दिसणाऱ्या हातांच्या हालचाली एका मूकाभिनेत्रीने केल्या होत्या. म्हणून प्रदर्शनातली आकृती चेहऱ्याच्या निकटदृश्यासाठी आहे, लांबून चालताना दिसण्यासाठी आहे, की केवळ एखाद्या अवयवापुरती आहे, हे आधी ठरवावे. निकटदृश्यासाठी केलेल्या चेहऱ्यात पापण्या, ओठांचे कोपरे आणि भुवया स्वतंत्रपणे हलण्याची सोय असते. लांबच्या दृश्यासाठी केलेल्या प्रतीत ती शोधत बसल्यास हाती निराशाच येते, आणि तो दोष कारागिराचा नसतो.

आधी घरी एक जबडा हलवून पाहावा

कोणतेही संग्रहालय पाहण्यापूर्वी एक संध्याकाळ घरी खर्च करावी, असा माझा आग्रह आहे. सायकलच्या दुकानातून ब्रेकची तार तिच्या आवरणासह आणावी, जाड पुठ्ठ्याचा वरचा आणि खालचा जबडा कापून तो खिळ्यावर फिरेल असा जोडावा आणि तारेचे टोक खालच्या जबड्याला अडकवावे. तार ओढली की जबडा उघडतो, परंतु सोडल्यावर तो आपणहून मिटत नाही. तार ओढता येते, ढकलता येत नाही, म्हणून तारेवर चालणाऱ्या प्रत्येक हालचालीला परत आणणारी स्प्रिंग, रबर किंवा उलट दिशेची दुसरी तार लागते. आता आवरणासकट ती तार दोन-तीन ठिकाणी तीव्र कोनात वाकवून पुन्हा ओढावी. घर्षणामुळे जोर कसा वाया जातो आणि जबडा अडखळत कसा हलतो, ते बोटांना लगेच समजते. चित्रपटातील तारेच्या बाहुल्यातून तारांचा जाड जुडगा सैल, मोठ्या वळणाने बाहेर काढलेला असतो आणि चालवणारे शक्यतो जवळ बसतात, त्याचे कारण हेच.

पुढची पायरी म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक लहान सर्व्हो मोटर आणि ती चालवण्यासाठी अर्ड्युइनोसारखा एखादा बोर्ड आणावा. सर्व्हो सांगितलेल्या कोनापर्यंत फिरते आणि तिथे धरून राहते, त्यामुळे तारेची ओढाताण संपते. पण ती चालताना बारीक किरकिरते. संवादाचे चित्रीकरण चालू असताना हा आवाज अडचणीचा ठरतो. चेहऱ्यात मोटर बसवावी की तार लांबून आणावी, हा निर्णय घेताना कारागिराला जागा, वजन, आवाज आणि हालचालीचा नेमकेपणा या सर्वांचा हिशेब करावा लागतो. मोठ्या प्राण्यांना यापेक्षा बरेच अधिक बळ लागते. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) साठी स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने बांधलेला सुमारे ४० फूट लांबीचा टी-रेक्स डायनासोर हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या, दाबावर चालत असे. पावसाच्या दृश्यात त्याच्या फोम लेटेक्सच्या, म्हणजे फेसाळ रबराच्या, कातड्याने पाणी शोषून घेतले, ठरवलेल्या वजनाचे गणित बिघडले आणि डोके थरथरू लागले. मग दोन दृश्यांच्या मधल्या वेळात त्याला टॉवेलांनी पुसून कोरडे करावे लागे.

कारखाना आणि मंडप

यानंतर लालबाग, परळ आणि चिंचपोकळी भागातील गणपतींचे कारखाने पाहावेत. गणेशोत्सवाच्या दोन-तीन महिने आधीचा काळ त्यासाठी उत्तम, कारण तेव्हा मूर्ती वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात: कुठे मातीचा मूळ नमुना, कुठे रबराचा साचा आणि त्याला आधार देणारे प्लास्टरचे कवच, कुठे काथ्या घालून मजबूत केलेले ओतकाम, तर कुठे जोड घासण्याचे काम. चित्रपटाच्या कार्यशाळेतही मातीचा नमुना, साचा, ओतकाम, जोड घासणे आणि रंग हाच क्रम असतो. फरक एका जागी पडतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. मूर्तीला बाहेरचा एकच पृष्ठभाग महत्त्वाचा असतो, आत पोकळी कशीही असली तरी चालते. हलणाऱ्या कातड्याला दोन पृष्ठभाग लागतात. बाहेरच्या साच्याच्या आत कवटीच्या आकाराचा गाभा नेमका बसवतात आणि दोन्हींच्या मध्ये उरलेल्या फटीत फोम लेटेक्स किंवा सिलिकोन भरतात. ती फट म्हणजे कातड्याची जाडी. पापणी आणि ओठ यांच्याजवळ ती फार कमी ठेवावी लागते, गालांवर आणि मानेवर जास्त. प्राणी हसताना गालावर जी वळी पडते, ती अशा प्रकारे साच्यातच ठरलेली असते. तिचे श्रेय आपण बहुधा यंत्राला देऊन मोकळे होतो.

कारखान्यात जाताना मालकांची परवानगी घ्यावी, ओल्या रंगाला किंवा साच्याला हात लावू नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. मोठ्या मंडळांच्या मूर्तीचे रूप आगमनापूर्वी बाहेर जाऊ नये अशी अपेक्षा असते. ती पाळणाऱ्यालाच पुढच्या वर्षी कारखान्यात मोकळेपणाने उभे राहू देतात. डोळ्यांची आखणी चालू असेल तर बोलणे बंद ठेवून बाजूला थांबावे आणि कलाकार मधूनमधून खाली उतरून, भक्त उभा राहील त्या जागेवरून वर का पाहतो, याकडे लक्ष द्यावे. उंच मूर्तीची नजर खाली उभ्या असलेल्या माणसावर पडावी लागते. चित्रपटातल्या बाहुल्याची नजर कॅमेऱ्याच्या भिंगाशी किंवा समोरच्या नटाशी जुळावी लागते. दोन्ही कामांत बुबुळ किंचित सरकले तरी चेहरा हरवतो.

उत्सवाच्या दहा दिवसांत हलते देखावे पाहण्याची संधी दवडू नये. संध्याकाळची गर्दी टाळून दुपारी जावे, जेव्हा कार्यकर्त्यांना बोलायला सवड असते. एखाद्या देखाव्यातला राक्षस तलवार उगारत असेल, तर त्याची एक फेरी किती सेकंदांत पूर्ण होते हे मोजावे, मोबाइलवर संथगतीने चित्रफीत घ्यावी आणि मग कार्यकर्त्याला विनंती करून देखाव्याची मागची बाजू पाहावी. तिथे बहुधा गाडीच्या वायपरची किंवा तत्सम गिअर असलेली मोटर, तिच्या चाकावर मध्यापासून बाजूला बसवलेली खीळ आणि त्या खिळीपासून हातापर्यंत गेलेली पट्टी दिसेल. चाकाची गोल फिरती गती हाताच्या मागेपुढे होणाऱ्या गतीत बदलण्याची ही सर्वांत जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. अशा हालचालीची मर्यादाही तिथेच कळते: हात सतत एकाच लयीत जातो-येतो, कुठे थबकत नाही, दचकत नाही. चित्रपटातला प्राणी जिवंत वाटतो तो या थबकण्या-दचकण्यामुळे, आणि ते घडवण्यासाठी प्रत्येक हालचालीमागे एखादा माणूस किंवा काळजीपूर्वक आखलेली आज्ञावली लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मॉलमध्ये आणि मैदानांवर मांडली जाणारी डायनासोरांची प्रदर्शनेही याच निकषावर पाहावीत. त्यांची कातडी पुष्कळदा ढोबळ असते, परंतु मान आणि शेपूट यांचे सांधे अगदी जवळून पाहता येतात, आणि ही सोय मोठ्या संग्रहालयातही मिळत नाही.

शब्दभ्रमाच्या प्रयोगाला कडेची खुर्ची

मराठी प्रेक्षकाला चित्रपटातील बाहुल्याची पहिली ओळख बहुधा तात्या विंचूने करून दिली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मधील हा बाहुला चालवणारे रामदास पाध्ये हे शब्दभ्रमकार, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलते करणारे कलाकार, आणि अर्धवटराव या बाहुल्याचा वारसा त्यांना वडील य. के. पाध्ये यांच्याकडून मिळालेला. रंगमंचावरचा प्रयोग हा शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याकडे पाहण्याचा सर्वोत्तम मार्ग आहे, कारण तो तिथे चालू स्थितीत असतो. कारागिरी पाहायची असेल तर मधल्या खुर्चीचा मोह सोडून पहिल्या काही रांगांतली कडेची खुर्ची घ्यावी. समोरून भ्रम पुरता दिसतो. कडेने पाहिल्यास बाहुल्याच्या पाठीतून आत गेलेला हात, मान फिरताना होणारी मनगटाची हालचाल आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फटी दिसतात. अशा बाहुल्याचे डोके सामान्यतः आतल्या दांड्यावर बसवलेले असते आणि त्याच दांड्याजवळच्या कळी बोटांनी दाबून तोंड, डोळे किंवा भुवया हलवतात. एका हाताची पाच बोटे एवढ्या सगळ्या हालचाली वाटून घेतात. चित्रपटातील यांत्रिक प्राण्याच्या चेहऱ्यासाठी तीच कामे चार-पाच माणसांत विभागलेली असतात, आणि मग त्या सर्वांनी एका मनाने चालणे ही वेगळीच अडचण उभी राहते.

पेडर रोडवरील राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालयाचे उद्घाटन १९ जानेवारी २०१९ रोजी झाले. जुना गुलशन महाल आणि शेजारची नवी इमारत अशा दोन ठिकाणी ते पसरलेले आहे. तिथे प्राण्यांसाठी जाण्यापेक्षा कॅमेरे आणि तंत्राचा इतिहास समजून घेण्यासाठी जावे, कारण बाहुला भिंगासाठी घडवलेला असतो आणि भिंग काय पाहते हे कळल्याशिवाय त्याच्या अर्ध्या भागाचे काम का अपुरे सोडले आहे ते कळत नाही. एकेक चौकट टिपत वस्तू हलवण्याचा प्रयोग आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात केला होता. त्याच तंत्राने ‘किंग काँग’ (१९३३) मधला वानर हलवला गेला; त्याच्या अंगावरची लव पडद्यावर सतत थरथरताना दिसते, कारण प्रत्येक चौकटीआधी सांधे वळवताना कारागिराची बोटे तिला लागत होती. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तेथील मातीच्या लहान आकृतींसाठी, याच यादीत ठेवावे. मात्र जाण्यापूर्वी ते चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

डोळे, कातडे आणि पाटी

प्रत्यक्ष वस्तूसमोर उभे राहिल्यावर डोळ्यांपासून सुरुवात करावी. चांगला कृत्रिम डोळा नुसता रंगवलेला गोळा नसतो. बुबुळ आत खोल असते आणि त्यावर पारदर्शक फुगवटा असतो, म्हणून बाजूने पाहिल्यास प्रकाश आत शिरून परततो. दोन्ही डोळे कुठे रोखलेले आहेत हेही पाहावे. कारागीर डॉन साहलिन यांनी अमेरिकन बाहुलेकार जिम हेन्सन यांच्या मपेट बाहुल्यांची बुबुळे जाणूनबुजून किंचित आतल्या बाजूला वळवली, त्यामुळे ते बाहुले कोणत्या तरी बिंदूकडे पाहत असल्यासारखे वाटतात. दोन्ही डोळे सरळ समांतर असतील तर नजर शून्यात जाते. त्यानंतर पापणी आणि डोळा यांच्यामधली फट पाहावी. ती जितकी बारीक आणि सारखी, तितके बसवणाऱ्याचे कौशल्य मोठे.

कातड्याच्या बाबतीत फोम लेटेक्स आणि सिलिकोन यांतला फरक ओळखायला शिकावे. फोम लेटेक्स म्हणजे फेसून साच्यात भरलेले आणि भट्टीत भाजलेले रबर: हलके, मऊ, पण अपारदर्शक, म्हणून त्वचेचा सगळा आभास वरच्या रंगावर अवलंबून असतो. सिलिकोन जड असते, परंतु प्रकाश काही अंतर आत जाऊ देते. त्यामुळे रंग मिश्रणातच थरांथरांनी दिलेला असतो आणि कानाच्या पाळीमागे दिवा असेल तर ती उजळते. केस पाहताना त्यांच्या मुळाशी पाहावे. सुईने एकेक केस रोवलेला असेल तर मुळे वेगवेगळ्या कोनांत दिसतात. चिकटवलेल्या लवेत ती एका दिशेची आणि दाट असतात. फ्लॅश किंवा टॉर्च वापरायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, म्हणून आपणच जागा बदलावी आणि दिव्याचा प्रकाश कातड्यावर तिरपा पडेल तिथून पाहावे. सुरकुत्या आणि साच्याच्या जोडाची बुजवलेली रेघ तेव्हाच उठून दिसते. सोबत एक छोटी दुर्बीण आणि वही ठेवावी. छायाचित्रापेक्षा स्वतः काढलेले वेडेवाकडे रेखाटन सांधा समजायला अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

मग पाटी वाचावी. मूळ वस्तू, डागडुजी केलेली वस्तू आणि प्रतिकृती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फोम लेटेक्स काळानुसार पिवळट होते, कडक होते आणि शेवटी भुगा होऊन गळते. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा चेहरा अगदी ताजातवाना दिसत असेल तर तो नव्याने ओतलेला असण्याची शक्यता गृहीत धरावी. लॉस एंजेलिसच्या अकॅडमी म्युझियममध्ये टांगलेला ‘जॉज’ (१९७५) मधला २५ फुटी शार्क चित्रीकरणात वापरलेला नाही, तो मूळ साच्यातून काढलेली फायबरग्लासची प्रत आहे, आणि तरीही तो पाहण्यासारखा आहे, कारण मूळ नमुन्यावर फिरलेल्या हातांच्या खुणा साच्याने जशाच्या तशा उतरवल्या आहेत. भेगा पडलेली, रंग उडालेली मूळ वस्तू मात्र कधीही अधिक शिकवते. कातडे जिथे फाटलेले असते तिथे आतले यंत्र दिसते.

परदेशी जाणे होणार असेल तर लंडनजवळच्या लीव्ह्सडन येथील वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ टूरमधला प्राण्यांचा विभाग सर्वप्रथम निवडावा. ‘हॅरी पॉटर’ चित्रपटांतील बकबीक या पंखधारी प्राण्याचे एकेक पीस वेगळे लावलेले तिथे जवळून पाहता येते. तिकीट आधीच ऑनलाइन काढावे लागते, दारावर मिळत नाही. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातले म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज आणि अटलांटाचे सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स येथे हेन्सन यांचे मोठे संग्रह आहेत, तर वेलिंग्टनच्या मिरामार भागात वेटा वर्कशॉप पाहुण्यांना कार्यशाळा दाखवते. आपल्याच राज्यात राहायचे असेल तर कोकण रेल्वेने कुडाळला उतरून पिंगुळीला जावे. २०२१ साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे यांनी तिथे ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) यांचे छोटे संग्रहालय उभारले आहे. दोऱ्यावर चालणाऱ्या बाहुलीतही बळ कुठून शिरते हा प्रश्न विचारून पाहावा. दोरा हाही केवळ ओढता येतो आणि तिथे परत आणणाऱ्या स्प्रिंगचे काम बाहुलीचे स्वतःचे वजन करते.

राहता राहिली मुंबईतली चित्रपटांसाठी कृत्रिम त्वचा आणि प्राणी घडवणारी खासगी कार्यशाळा. अशा ठिकाणी अचानक जाऊ नये. आपण कोण आहोत, काय पाहायचे आहे आणि किती वेळ लागेल हे लिहून आधी विचारावे, आणि दोघांपेक्षा अधिक जणांनी जाऊ नये. चालू चित्रपटांच्या कामाबाबत त्यांनी गुप्ततेचे करार केलेले असतात, म्हणून सध्याच्या कामाची चौकशी करू नये. त्याऐवजी जुन्या, वापरून झालेल्या साच्यांबद्दल विचारावे. होकार मिळाल्यास एखादा साचा उघडण्याच्या वेळी यायला चालेल का, अशी विनंती करावी. त्या अर्ध्या तासात बाहेरचा साचा, आतला गाभा आणि त्यांच्यामधून निघणारे कातडे हे तिन्ही शेजारी शेजारी दिसतात. कडेला आलेला जादा पापुद्रा, अडकलेले बुडबुडे आणि जोडाची रेघ अजून कापलेली किंवा बुजवलेली नसते.